लोण्याच्या फ्रीजमधली लस

दवाखान्यातला फ्रीज बंद पडला तेव्हा आई त्याच्याशी बोलत होती. ती फ्रीजशी नेहमीच बोलते. सकाळी दार उघडायचं, आत टांगलेला थर्मामीटर बघायचा आणि "बरं आहे ना" म्हणून दार लावायचं. त्या दिवशी तिनं दार उघडलं, आत बघितलं आणि "का रे बाबा" एवढंच म्हणाली. मी बाकावर बसून वेणी घालत होते. तिचा आवाज ऐकून वेणी अर्धीच सोडून उठले.

"कंप्रेसर गेला," फ्रीजच्या मागे हात घालून ती म्हणाली. "नुसता तापलाय बघ. काल दिवे सारखे वरखाली होत होते, तेव्हाच मला धाकधूक वाटत होती."

उन्हाळा तर असा की दवाखान्याचा पत्रा सकाळीच कडकड वाजायला लागायचा. नळाखालच्या ओल्या फरशीवर कुत्री पसरायची, आणि आपण बादली घेऊन गेलो तरी नुसता एक डोळा उघडून बघायची. विजेचं तर विचारूच नका. आली तर आली.

आमचं घर म्हणजे दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या. आई दवाखान्याची सिस्टर. रस्त्याच्या पलीकडे दूध केंद्र, तिथे बाबा. केंद्रातली दूध गार करायची टाकी, बर्फाचं यंत्र आणि जनरेटर हे तिन्ही बाबांच्या हातात, म्हणून गाव त्यांना बर्फराव म्हणतं. शिवाय घरात आत्या आणि तिचं बाळ. काका कामासाठी लांब गेलेत, म्हणून ती दोघं आमच्याकडे. बाळाला आम्ही भोपळा म्हणतो. तो भोपळ्यासारखाच दिसतो आणि उचलल्यावर भोपळ्यासारखाच लागतो.

आईनं लशीच्या कुप्या भराभर थंड पेटीत ठेवायला घेतल्या. मी पळत केंद्रावर गेले आणि बाबांना सांगितलं. ते दोन्ही हातांत बर्फाच्या चपट्या पिशव्या घेऊन धावत आले. पिशव्यांवर पांढरं हिम चढलं होतं.

"थांबा," आई म्हणाली. "तशाच आत घालू नका. ठेवा टेबलावर. आधी घाम फुटू दे त्यांना."

"बर्फाला घाम?"

"हो. पिशवी हलवली की आत पाणी वाजलं पाहिजे. नाहीतर कुप्या गोठतील."

"अगं, गार म्हणजे गार," बाबा म्हणाले. "जितकं गार तितकं टिकतं. मी रोज एवढं दूध सांभाळतो ते काय उगाच?"

"दूध नाही हे."

"बरं सिस्टर," बाबा म्हणाले आणि हात बगलेत धरून उभे राहिले. बोटं लाल झाली होती त्यांची.

खालच्या वीटभट्टीवर गोवर निघाला होता. तिथल्या दोन पोरांच्या अंगावर पुरळ होतं आणि एकाला डोळे उघडवत नव्हते. गुरुवारी भट्टीवरच्या आणि गावातल्या सगळ्या लहान मुलांना आई लस देणार होती. आमचा भोपळाही नेमका त्या लशीच्या वयात आला होता. आत्या दारात उभी राहून पेटीकडे बघत होती.

"वहिनी, गुरुवारचं होईल ना?"

"होईल," आई म्हणाली. पण तिनं आत्याकडे बघितलं नाही, म्हणून मला कळलं की तिला खात्री नाही.

पूर्वी असं काही झालं की फ्रीजवाले मामा यायचे. ते आमचे मामा नव्हेत, साऱ्या दवाखान्यांचे मामा. आरोग्य कचेरीत फोन केला की स्कूटरवर पाने, तारा, गॅसची टाकी बांधून हजर. जाताना चहा पिऊन फ्रीजला एक चापट मारायचे. मग देशभर आरोग्य खात्याची फेररचना झाली आणि आमच्या एका कचेरीच्या तीन संस्था झाल्या. लस एकीची, यंत्रं दुसरीची, माणसं तिसरीची. मामा यंत्रांकडे गेले आणि वरून हुकूम आल्याशिवाय त्यांना स्कूटर बाहेर काढता येईना.

दिवसभर आई फोन करत होती. यंत्रांचे साहेब म्हणाले, फ्रीज आमचा, पण तो कुठल्या कामासाठी वापरता ते लशीच्या साहेबांनी कळवायला हवं. लशीचे साहेब म्हणाले, लस आमची, फ्रीजचं आमच्याकडे येत नाही. माणसांचे साहेब म्हणाले, सिस्टर, तुम्ही आमच्या, पण फ्रीज माणूस नाही. हे शेवटचं ते हसत हसत म्हणाले. आईनं फोन ठेवला आणि कपाळावरचा घाम हाताच्या मागच्या बाजूनं पुसला.

"उद्या मी जाते," ती म्हणाली. "समोर उभं राहिलं की काहीतरी होईल."

"मी पण येते," मी म्हणाले.

"शाळा?"

"शाळेतलं सगळं येतं मला."

हे पूर्ण खरं नव्हतं, पण यंदा माझं असंच चाललं होतं. गेल्या वर्षापर्यंत बाईंनी नाव घेतलं तरी माझी मान खाली जायची. मग बातम्या वाचणाऱ्या मुलीचा घसा बसला आणि प्रार्थनेनंतर मला उभं केलं. मी वाचलं. मैदानाच्या टोकाला पाणी प्यायला गेलेली मुलंसुद्धा मागे वळून बघायला लागली. तेव्हापासून बातम्या मीच वाचते. आवाज माझ्यात होताच, मला ठाऊक नव्हतं इतकंच.

कचेरी म्हणजे एक जुना लांबलचक हॉल. फेररचनेनंतर त्याच्यात प्लायवूडच्या भिंती घालून तीन खोल्या केल्या होत्या. भिंती छतापर्यंत गेल्याच नव्हत्या, कारण वर पंखे तेच जुने. एक पंखा तर नेमका भिंतीवर आला होता. त्याचं एक पातं लशीच्या साहेबांना वारा घाली आणि दुसरं यंत्रांच्या साहेबांना.

शिपायानं आम्हाला बाहेर उभं केलं. बाक होता, पण त्यावर कागदांचे गठ्ठे बसले होते. आई पेटी हातात धरून उभी होती. पेटी जड, आणि आईला कंबरेचं दुखणं आहे. मी म्हटलं, "खाली ठेव ना." ती म्हणाली, "फरशी तापलीय."

शेवटी लशीच्या साहेबांनी आत बोलावलं. साहेब गोरेगोमटे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सिस्टर, मला पटतंय. पण हे पलीकडच्यांनी मला लेखी कळवायला हवं."

"पलीकडचे म्हणजे?"

साहेबांनी पेनानं प्लायवूडकडे दाखवलं. पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. मग कुणीतरी शिंकलं.

"देव बरं करो," लशीचे साहेब सवयीनं म्हणाले.

"थँक्यू," पलीकडून आवाज आला.

आईनं माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. आणि मग मला राहवेना. मी खोलीच्या मधोमध, पंख्याच्या खाली जाऊन उभी राहिले आणि प्रार्थनेनंतरच्या आवाजात सांगायला लागले.

"तिन्ही साहेबांना ऐकू जातंय असं दिसतंय, म्हणून एकदाच सांगते. आमच्या दवाखान्यातला फ्रीज बंद पडलाय. भट्टीवर गोवर आहे. गुरुवारी लस द्यायची आहे. लस या पेटीत आहे आणि माझी आई ती सकाळपासून हातात धरून उभी आहे. फ्रीज दुरुस्त होईपर्यंत लस कुठे ठेवायची एवढंच विचारायला आम्ही आलोय."

 पंखा तेवढा कुरकुरत होता. आईनं माझा दंड असा धरला की अजून आठवला तरी दुखतो.

मग प्लायवूडच्या पलीकडून खाकरण्याचा आवाज आला. "गावात दुसरीकडे कुठे चालू फ्रीज आहे का? जनरेटरवाला?"

"दूध केंद्रात आहे," आई हळूच म्हणाली.

"मोठ्यानं, सिस्टर."

"दूध केंद्रात आहे," आई म्हणाली. आईचा आवाजसुद्धा काही कमी नाही. मला तो कुठून आला ते तेव्हा कळलं.

"मग आमची हरकत नाही," यंत्रांचे साहेब म्हणाले. "दुरुस्तीला माणूस पुढच्या आठवड्यात देतो."

"केंद्रवाले तयार असतील तर आमचीही नाही," लशीचे साहेब म्हणाले. "तापमान दोन ते आठ अंशांत राहिलं पाहिजे."

तिसऱ्या खोलीतून मात्र साहेबांचा नाही, एका बाईंचा आवाज आला. "गुरुवारी मी स्वतः येते बघायला." आणि दारातून उंच, चष्म्याच्या मॅडम आल्या. त्या या तिघांच्याही वरच्या, सगळ्या भागाच्या प्रमुख डॉक्टर. त्या दिवशी नेमक्या तिथे आल्या होत्या.

"सिस्टर, स्पष्ट बोलते," त्या म्हणाल्या. "लहान दवाखान्यांतला साठा काढून नदीपलीकडच्या मोठ्या केंद्रात एकत्र करायचा विचार चाललाय. तुमचंही नाव त्यात आहे. तुमच्या गावात साठा नीट राहू शकतो हे गुरुवारी दिसलं तर मी तो तिथेच ठेवीन. नाही दिसलं तर तुम्हालाही पलीकडेच यावं लागेल."

"आणि माझ्या गावातली मुलं?"

"तीही पलीकडे येतील."

आईनं नुसती मान हलवली. नदीवरचा पूल किती लांब आहे आणि भट्टीवरच्या बायकांना दिवसाची सुट्टी कोण देणार, हे तिनं सांगितलं नाही. बसमध्ये मात्र सगळा रस्ता मलाच सांगितलं.

दूध केंद्राचे मॅनेजर म्हणजे स्वच्छतेचं वेड लागलेला माणूस. बाबांना दिवसातून किती वेळा पाय धुवायला लावतात त्याला गणती नाही. एकदा सगळ्यांसमोर बाबांना नखं दाखवायला लावली होती, शाळेतल्या पोरासारखी. त्या दिवशी बाबा घरी येऊन नुसते बसून नखं कापत राहिले होते.

बुधवारी आम्ही तिघं त्यांच्यापुढे उभे राहिलो तेव्हा ते म्हणाले, "दुधाशेजारी औषध? उद्या कुणी म्हणालं दुधाला दवाखान्याचा वास येतो, तर मी काय सांगू?"

"आणि मला कुणी म्हणालं लशीला दुधाचा वास येतो, तर मी काय सांगू?" आई म्हणाली.

"म्हणजे तुम्हालाही नको आहे."

"मला हवं आहे. पण मलाही भीती आहे, तुमच्याइतकीच."

हे मॅनेजरांना आवडलं असावं. ते खुर्चीतून उठले, आतल्या खोलीत गेले आणि तिथल्या लहान फ्रीजपुढे उभे राहिले. त्यात विकायचं लोणी असतं.

"लोणी टाकीच्या खोलीत हलवता येईल," ते स्वतःशीच म्हणाले. मग बाबांकडे वळून, "वीज गेली की जनरेटर आधी टाकीला, मग याला. चालेल?"

"जनरेटर दोघांनाही पुरतो साहेब," बाबा म्हणाले. "मी बघतो. माझ्यावर सोडा."

बाबांचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. आईच्या कामात त्यांना कधी कुणी विचारत नाही. सासरवाडीला गेले की माझा सख्खा मामा म्हणतो, ताई लस देते आणि भावजी बर्फ देतात. आता लस बर्फरावांच्या राज्यात येणार होती. त्यांनी फ्रीज आतून बाहेरून पुसला. पाय तर न सांगता धुतले. आईनं कुप्या आत लावल्या, भिंतीला न टेकवता, एकमेकींत बोटभर जागा सोडून. मध्ये थर्मामीटर टांगला.

"पाचवर लावलंय," ती म्हणाली. "याला हात लावू नका."

"बरं सिस्टर."

आणि मग काय झालं ते सकाळी कळलं.

गुरुवारी आई उजाडताच केंद्रावर गेली, मी तिच्या मागोमाग. तिनं दार उघडलं. "बरं आहे ना" म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. थर्मामीटरचा काटा शून्याच्या खाली गेला होता. एक कुपी तिनं उचलून उजेडात धरली. आत पांढरं, घट्ट. दुसरी उचलली, तीही तशीच. मग खालच्या खणातली खोकी काढली. गोवराची लस पावडरीची असते, ती कालवायचं पाणी वेगळ्या काचेच्या कुप्यांत येतं. त्या कुप्या तडकल्या होत्या. एक तर तिच्या हातातच दोन तुकडे झाली.

बाबा दारात आले. आईनं काही विचारायच्या आधीच म्हणाले, "मीच बटण फिरवलं. संध्याकाळी जाताना. गरम फार होतं ना, म्हटलं अजून थोडं गार असलेलं बरं."

 आईनं कुप्या एकेक करून टेबलावर मांडल्या.

"वितळतील की," बाबा म्हणाले. "पुन्हा होती तशी होतील. बाहेरून काय कळणार आहे कुणाला?"

"मला," आई म्हणाली.

एवढंच. ओरडली असती तर बाबांना बरं वाटलं असतं. ते पायऱ्यांवर जाऊन बसले, लाल बोटं गुडघ्यांवर ठेवून. त्यांच्या पाठीकडे बघून मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता.

आईनं तान्ह्या बाळांची पातळ लस बाजूला काढली. ती एकदा गोठली की कामाची राहत नाही. ट्रेमध्ये भरून त्यावर लाल शाईनं फुल्या मारल्या. मग गोवराच्या कुप्या उजेडात फिरवून बघितल्या. "ही चालेल. पावडरीला गोठण्यानं काही होत नाही. पण पाण्याशिवाय हिचं काय करू? आणि साधं पाणी चालत नाही, त्याच कंपनीचं लागतं."

"कुणाकडे असेल?"

आईनं ओठ आवळले. "पलीकडच्या सिस्टरकडे."

नदीपलीकडच्या मोठ्या केंद्रातली सिस्टर म्हणजे आईच्या डोळ्यात सलणारं कुसळ. गेल्या बैठकीत तिनं चहाच्या रांगेत सगळ्यांसमोर आईला म्हटलं होतं, तुझा साठा शेवटी माझ्याच कपाटात यायचाय, आत्तापासून सवय कर. त्यानंतर आई तिचं नाव घेत नसे, नुसतं "ती" म्हणायची. आता आईनं फोन हातात घेतला, पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला. मी गप्प राहिले. काही वेळा गप्पही राहावं लागतं.

"हॅलो," आई म्हणाली. "मी बोलतेय. माझ्या पाण्याच्या कुप्या तडकल्यात. हो, सगळ्या. गोठल्या. आज सत्र आहे." मग बराच वेळ ऐकत राहिली. मला वाटलं ती पलीकडून टोमणे मारतेय. पण आई म्हणाली, "थांब, वाचते," आणि खोक्यावरचं कंपनीचं नाव वाचून दाखवलं.

फोन बाजूला धरून ती मला म्हणाली, "तिच्याकडे आहेत. द्यायला तयार आहे. पण तिच्या साठ्यातून माझ्या साठ्यात आणायला लशीच्या साहेबांचं हो लागतं, नाहीतर तिच्या अंगाशी येईल. आणि आणणार कोण?"

"साहेबांचं हो मी मिळवते," मी म्हणाले.

लशीच्या साहेबांनी पहिल्या रिंगला फोन उचलला. मी दोन वाक्यं बोलले असेन नसेन, ते म्हणाले, "पार्टिशनवाली मुलगी का?"

"हो साहेब."

"आज कमी मोठ्यानं बोललीस तरी चालेल."

मी सगळं सांगितलं, बाबांचं बटणही सांगितलं. लपवलं असतं तर आईनं मला घरात घेतलं नसतं.  मग मला फोनमधून साहेबांची खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं आणि ते पार्टिशनवरून ओरडले, "अहो, ऐकलं का, नदीपलीकडून पाण्याच्या कुप्या न्यायला तुमची एखादी गाडी आहे का?" तिकडून काहीतरी उत्तर आलं. "गाडी नाही म्हणतात," साहेब मला म्हणाले. "परवानगी आहे. गाडीचं तुम्ही बघा."

मी फोन ठेवून वळले तर मॅनेजर मागे उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पायऱ्यांवर बाबा होते, त्यांच्याकडे ते बघत होते. मला वाटलं, आता पुन्हा नखं दाखवायला लावतात की काय.

"बर्फराव," ते म्हणाले. "दुधाची गाडी आत्ता पलीकडेच निघालीय. येताना रिकामीच येते. जा, गाडीवाल्याला थांबवा. आणि पेटी द्या त्याच्याकडे." मग जरा थांबून, "बर्फाला घाम फोडून द्या. सिस्टर सांगतात तसा."

बाबा उठून धावले. मी त्यांना असं धावताना कधी बघितलं नव्हतं. चप्पल एक पायरीवरच राहिली.

तोवर भट्टीवरच्या बायका यायला लागल्या. कुणाच्या कडेवर एक, कुणाच्या हाताला दोन, सगळ्यांच्या केसांत विटांची धूळ. दवाखान्याची खोली भट्टीसारखीच तापली होती, म्हणून मॅनेजरांनी केंद्राची शेड उघडून दिली. बसायला रिकामे कॅन उलटे करून ठेवले. आतमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मात्र पाय धुवायला लावले, अगदी तान्ह्यांनाही. एक बाई म्हणाली, "सुई दंडात देणार ना, मग पाय कशाला?" पण धुतले.

"पाणी आलं का?" आत्यानं मला हळूच विचारलं. भोपळा तिच्या खांद्यावर झोपला होता.

"येतंय."

मॅडम आधी आल्या. गाडीतून उतरून त्यांनी शेडकडे बघितलं, कॅनांवर बसलेल्या बायकांकडे बघितलं आणि आत गेल्या. टेबलावर लाल फुल्यांचा ट्रे होता. आईनं तो झाकला नव्हता.

"हे काय सिस्टर?"

"गोठली, मॅडम. ही लस गेली. गोवराची शाबूत आहे, पण पाणी तडकलं. ते पलीकडून येतंय."

"गोठली कशी?"

"मी बटणाला चिकटपट्टी लावायला हवी होती. लावली नाही. चूक माझी."

"तिनं सांगितलं होतं हात लावू नका," बाबा पुढे होऊन म्हणाले. एका पायात चप्पल नव्हती. "मी लावला. फिरवलं ते मी."

"फ्रीज केंद्राचा आहे," मॅनेजर दारातून म्हणाले, "आणि हा माणूसही केंद्राचा. चूक केंद्राची धरा."

तेवढ्यात दुधाची गाडी आली. गाडीवाल्याशेजारी मांडीवर पेटी घेऊन पलीकडची सिस्टर बसली होती. जाडजूड, ठसठशीत. उतरताना तिनं पेटी कुणाच्या हातात दिली नाही. "पाणी एकटं पाठवत नाही मी," ती आईला म्हणाली. गाडीवाल्यानं वाटेत तिला बटणाचंही सांगितलं असावं, कारण मॅडमना बघून म्हणाली, "आणि मॅडम, लहान दवाखान्यांना बर्फाचं प्रशिक्षण द्यायचं काम माझ्याकडे होतं. घरच्यांनाही सांगा असं मी कुणाला म्हटलं नाही. तेवढी चूक माझीही मोजा."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"फेररचना झाल्यापासून मी जिथे जाते तिथे चुकीला धनी सापडत नाही," त्या म्हणाल्या. "आणि इथे एका बटणाला चौघे." त्यांनी फ्रीज उघडला, थर्मामीटर बघितला. आईनं सकाळीच बटण परत फिरवलं होतं, काटा पाचवर आला होता. "सुरू करा सिस्टर. बायका किती वेळ कॅनवर बसतील?"

आई आणि पलीकडची सिस्टर एकाच टेबलाशी उभ्या राहिल्या. एक लस कालवायची, दुसरी टोचायची. थोड्या वेळानं जागा बदलायच्या. बोलत नव्हत्या फारशा, पण एकीनं हात पुढे केला की दुसरी कापूस ठेवायची. रडारडीनं शेड दणाणून गेली. भोपळ्यानं तर असा सूर लावला की रस्त्यावरचा एक बैल थांबला. आत्या त्याच्यापेक्षा जास्त रडली आणि मग हसली.

शेवटची मुलगी झाल्यावर मॅडमनी आईला बाजूला बोलावलं. मी कान टवकारून जवळच कॅन उचलत होते.

"साठा इथेच राहू दे," मॅडम म्हणाल्या. "फ्रीज दुरुस्त झाला तरी उन्हाळाभर हा दुसरा म्हणून राहू दे. तिन्ही खोल्यांना मी सांगते." जाता जाता त्या थांबल्या. "पण त्या बटणाचं काहीतरी करा."

त्यांची गाडी वळण पार करून जाते न जाते तोच बाबा आत गेले. फ्रीजचं गोल बटण त्यांनी ओढलं, ते निघून हातात आलं. बाबांनी ते पुसून आईपुढे धरलं. आईनं ते घेतलं आणि एप्रनच्या खिशात टाकलं. सकाळच्या त्या "मला"नंतर पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली.

"चप्पल घाला आधी. फरशी तापलीय."

बटण अजून आईच्याच खिशात असतं. लशीचा साठा कमी असला की मॅनेजर लोण्याचे डबे वरच्या खणात सरकवतात, आणि कधी लोणी सैल वाटलं तर रस्ता ओलांडून आमच्या दारात येतात. परवा आले तेव्हा आई जेवत होती.

"सिस्टर, जरा बटण मिळेल का?"

"बटण नाही मिळायचं," आई घास गिळून म्हणाली. "किती गार हवंय ते सांगा. मी येऊन फिरवते."

"तिला हात धुऊ द्या साहेब," बाबा म्हणाले. "आणि पायसुद्धा."